सात नंबरची विहीर

मोहाच्या पाड्यावर बारावी झालेली पोरं चार होती. पदवीपर्यंत पोचली ती एकटी रंजिता. ती तिसऱ्या वर्षाला होती तेव्हाच बुधूनं, तिच्या बापानं, सगळ्या पाड्याला सांगून टाकलं होतं की आता पोरगी नोकरीला लागणार. आणि निकाल लागल्याच्या आठवड्यातच तिनं घरी चौथ्या वर्षाची गोष्ट काढली.

"तीन वर्सांचीच व्हती ना डिगरी?" बुधू म्हणाला. "मंग चवथं कशाला? कशात राहिलीस काय?"

"राहिले नाय, बा. ज्यांचे मार्क चांगले त्यांनाच घेतात चौथ्याला. ऑनर्स म्हनतात त्याला."

बुधूला ते काही पटेना. मग एका रविवारी दिपिका मॅडम स्वतःच आल्या. त्या शहापूरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवत आणि आसनगावला स्टेशनजवळ राहत. तानशाच्या रस्त्यावरून आत वळून, चिखलात दोनदा स्कूटी ढकलत त्या पाड्यावर पोचल्या आणि लहानीनं, रंजिताच्या आईनं, दिलेलं तांब्याभर पाणी एका दमात प्यायल्या.

"गोड आहे हो पाणी," त्या म्हणाल्या.

"आमची विहीरच तशी हाय," लहानी म्हणाली. विहिरीचं कौतुक झालं की तिला आपल्या लेकराचं झाल्यासारखं वाटे. उन्हाळ्यात आजूबाजूच्या पाड्यांच्या विहिरी तळ गाठत, मोहाच्या पाड्याची विहीर मात्र मे महिन्यातही हाताला लागेल इतकं पाणी राखून असे.

"या चौथ्या वरसात मिळतं काय?" बुधूनं सरळच विचारलं.

मॅडमनी बोटांवर मोजून सांगितलं. मुलगी स्वतः संशोधन करेल. एखादा विषय घेऊन वर्षभर त्याच्या मागं लागेल. पुढं एम.एस्सी. एका वर्षात होईल, चांगले मार्क पडले तर पीएच.डी.लाही बसता येईल. चार लोकांसमोर उभं राहून बोलायला शिकेल. "आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारायला शिकेल."

"ते ती रांगत व्हती तवापास्नं इचारतेय," बुधू म्हणाला, आणि सगळे हसले. त्या हसण्यातच चौथं वर्ष मंजूर झालं.

पाड्याच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर, अनिलशेठची पोल्ट्री होती. अनिलशेठ मूळचा मुरबाडकडचा, धसईचा. सहा वर्षांपूर्वी त्यानं इथं जागा घेऊन तीन लांबलचक शेड उभारल्या. पाड्यातल्या अकरा घरांपैकी सात घरांत पोल्ट्रीची मजुरी येत होती. बुधू शेड साफ करायचा. रंजिताचा भाऊ शाम गाडीत कोंबड्यांचे क्रेट भरायचा. शेठ माणूस वाईट नव्हता. दिवाळीला साड्या द्यायचा, कुणाला साप चावला तर स्वतःची गाडी काढायचा. बुधूची पोरगी रिसर्च करणार हे कळलं तेव्हा त्यानं आपला जुना लॅपटॉप पुसूनबिसून तिच्या हातात ठेवला. "आमच्या पोल्ट्रीचं नाव काढ," तो म्हणाला.

विषय ठरला तो पिण्याच्या पाण्याचा. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या बारा विहिरी घ्यायच्या आणि त्यांच्या पाण्यात नायट्रेट किती ते मोजायचं. नायट्रेट म्हणजे खतातून, शेणातून, घाणीतून मुरत मुरत जमिनीखालच्या पाण्यात उतरणारं मीठ. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला ते फारसं जाणवत नाही. पण तान्ह्या बाळाच्या रक्तात ते गेलं की रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबतं आणि बाळ निळं पडतं. लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं, त्याच्या वर नाही. हे सगळं रंजितानं वाचलं, वहीत उतरवून घेतलं, आणि पावसाळा सरल्यावर कामाला लागली.

ते दोन-तीन महिने तिला फार आवडले. पाठीवर सॅक, सॅकमध्ये थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फ आणि झाकणांवर चिकटपट्ट्या लावलेल्या बाटल्या. शहापूरहून एस.टी.नं मुरबाड, तिथून दुसरी गाडी धरून धसई. धसईला बाजाराच्या दिवशी भाजीच्या पाट्यांमधून वाट काढत ती विहिरीपर्यंत जायची. बायका विचारायच्या, "कुठली गो तू? पानी कशाला नेतेस?" ती समजावून सांगायची. आपण काही विचारतो आणि लोक आपल्याला उत्तर देतात, आपण बोलतो ते उभं राहून ऐकतात, हे तिला नवीन होतं. कॉलेजातल्या मशीनसमोर बसून ती आकडे घ्यायची तेव्हा संध्याकाळ कधी झाली ते कळायचं नाही. मॅडम म्हणायच्या, "बघ, याला म्हणतात ऑनर्स. पुस्तकात नसलेली गोष्ट तू पहिल्यांदा बघतेयस."

संशोधनात गावांची नावं घालायची नाहीत, असा नियम होता. गावाची बदनामी नको म्हणून विहिरींना नुसते नंबर द्यायचे. धसईची विहीर तीन नंबर झाली. सात नंबर मोहाच्या पाड्याची. ही विहीर रंजितानं मुद्दाम घेतली होती, चांगल्या पाण्याचा नमुना म्हणून. बाकीच्या अकरांची हिच्याशी तुलना करता येईल असं तिला वाटलं होतं.

धसईच्या पाण्यात अठ्ठावीस निघालं. दुसऱ्या एका विहिरीत एकतीस, एकीत चाळीस.

सात नंबरमध्ये एकशे अठरा.

तिला वाटलं, बाटली नीट धुतली नसेल. तिनं पुन्हा केलं. एकशे सतरा. मॅडमनी स्वतः करून बघितलं, मग म्हणाल्या, "नमुना परत आण. नवी बाटली ने." तिनं दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीत उतरून, बाटली तीन वेळा खंगाळून पाणी भरलं आणि पहिल्या जीपनं कॉलेज गाठलं. एकशे एकवीस.

मॅडमनी विचारलं, "विहिरीच्या वर काय आहे गं?"

रंजिताला उत्तर माहीत होतं.

घरी आली तेव्हा लहानी चुलीपुढं बसली होती. चुलीवर पातेल्यात पाणी खदखदत होतं. शामची बायको रुपा दोन महिन्यांची ओली बाळंतीण होती. तिचं दूध पुरत नव्हतं, म्हणून कुणाली, तिची तान्ही मुलगी, वरच्या दुधावर होती. डब्यातली पावडर उकळलेल्या पाण्यात कालवून वाटी-चमच्यानं पाजत. लहानी पाणी उकळण्यात कसूर करत नसे. चांगलं अर्धा तास उकळायची, निम्मं होईपर्यंत.

"आये, ते पानी नको देऊ तिला," रंजिता म्हणाली.

"का? चांगलं उकळलंय."

"उकळून जात नाय ते. उकळून वाढतं. पानी आटतं आणि ते खाली उरतं."

लहानीनं तिच्याकडं बघितलं. "दोन वर्सांमागं कॉलेजच्या पोरांसंगती तूच आलती ना पाड्यावर? शिबिर का काय ते. उकळून प्या, उकळून प्या, म्हनून घराघरांत कोन सांगत फिरलं?"

"ते दुसऱ्या रोगासाठी व्हतं, आये."

"आता हा कोनता?"

रंजितानं सांगितलं. नायट्रेट, रक्त, प्राणवायू. सांगताना तिला स्वतःलाच आपले शब्द पोकळ वाटायला लागले. लहानीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "माजी सासू याच पान्यावर ऐंशी वर्सं जगली. तुमी दोघं याच पान्यावर वाढलात. काय झालं तुमाला?"

"तवा पोल्ट्री नव्हती."

चूल फुरफुरत राहिली. पोल्ट्रीचं नाव निघालं आणि लहानीनं दाराकडं बघितलं, कुणी ऐकतंय का म्हणून.

बुधू घरी आल्यावर त्यालाही तिनं सांगितलं. त्यानं वाद घातला नाही. तो फक्त विचारत राहिला, पाणी वरून खाली कसं येतं, किती दिवसांत येतं, खडकातून येतं का मातीतून. ती सांगत गेली आणि त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी तो म्हणाला, "शेडमागचा खड्डा."

"कोनता खड्डा?"

"शेडमधली घान टाकायचा. मेलेल्या कोंबड्या पन त्यातच." तो आपल्या हातांकडं बघत होता. "शेठनं जागा दावली. खनला मीच. सहा वर्सं रोज मीच भरतोय."

एवढं सगळं वाचून, मोजून, मांडून झाल्यावर आपण बापापुढं हे आणून ठेवू, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कुणालीपुरतं पाणी दुसरीकडून आणायला सुरुवात केली. रस्त्याच्या पलीकडच्या गावात एक विहीर होती, तिच्या यादीतली नऊ नंबर. बावीसच निघालं होतं तिथं. जायला पाऊण तास, यायला डोक्यावर हंडा घेऊन तासाच्या वर. मग अंघोळ, मग जीप, मग कॉलेज. तिनं घरात बजावून ठेवलं की हा हंडा बाळाचा, याला कुणी हात लावायचा नाही.

मग ती ग्रामसेवकाकडं गेली. ग्रामसेवकानं तिचे कागद नीट बघितले. "छान केलंय," तो म्हणाला. "पण यात तुमच्या पाड्याचं नाव कुठंय? नुसतं सात नंबर लिहिलंय."

"कॉलेजच्या नियमात नाव घालत नाहीत, सर. पन सात नंबर म्हणजे आमचीच."

"ते तू म्हणतेस. कागद म्हणत नाही."

"मग तुम्ही तपासून घ्या."

त्यानं तेही केलं. माणूस टाळाटाळ करणारा नव्हता. पाणी तपासायचं म्हणून त्यानं आधी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून घेतली, मग बाटली भरून सरकारी लॅबला पाठवली. महिन्यानं एका ओळीचा कागद आला: जंतू आढळले नाहीत, पाणी पिण्यास योग्य. जंतूंचीच तपासणी झाली होती. नायट्रेटचा रकाना मोकळा होता.

"सर, आमच्याकडं टँकर तरी चालू करा," ती म्हणाली.

"टँकर टंचाईच्या गावांना असतो, बाळा. तुमची विहीर तर काठोकाठ भरलेली आहे." त्याला खरंच वाईट वाटत होतं, ते तिला दिसत होतं. त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

पाणी योग्य असल्याची ती बातमी मात्र पाड्यात लगेच पोचली. मग बायका तिच्याकडं बघून आपसांत बोलायला लागल्या. विहिरीवर ती गेली की गप्प व्हायच्या. एकीनं तोंडावरच विचारलं, "सरकार म्हनतं चांगलं, तू म्हनतेस खराब. शेठला कळलं आन त्यानं शेड उचलली तर आमच्या पोटाला तू घालशील काय गो?" रंजितानं मान खाली घालून हंडा भरला. घरातल्या मोठ्यांचं पाणी तिथूनच भरायला लागायचं. सगळ्यांना पुरेल एवढं दुसरीकडून आणणं एका माणसाच्या डोक्याचं काम नव्हतं.

फेब्रुवारीत घडलं ते असं. रंजिताची दोन दिवस सलग परीक्षा होती म्हणून ती शहापूरला मैत्रिणीकडं राहिली. हंडा संपला. तिसऱ्या दिवशी शनिवार होता, दुपारी ती घरी आली तर रुपा ओटीवर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि लहानी मीठ-मोहरीनं दृष्ट काढत होती.

"सकाळपास्नं मरगळलीय," रुपा म्हणाली. "रडत पन नाय."

रंजितानं बाळाला उजेडाकडं धरलं. ओठ राखेसारखे झाले होते. नखं निळसर. हे तिनं चित्रात पाहिलं होतं, आपल्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात त्यावर दीड पान लिहिलं होतं. तिनं बाळाला छातीशी धरलं आणि उघड्या पायांनी वर पोल्ट्रीकडं धावत सुटली, कारण गाडी तिथंच होती.

अनिलशेठनं एक शब्द विचारला नाही. गाडी काढली. शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी हृदय तपासलं, फुप्फुसं तपासली. रंजिता मधेच म्हणाली, "सर, पाण्यातलं नायट्रेट आहे. एकशे वीसच्या आसपास. आमच्या विहिरीत मी मोजलंय." डॉक्टरांनी तिच्याकडं वळून बघितलं. मग सुईनं रक्ताचा थेंब काढून कापसावर घेतला आणि वाट पाहिली. थेंब लाल झाला नाही. चहाच्या चोथ्यासारखा तपकिरीच राहिला.

"कुठं शिकतेस?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ठाण्याला फोन लावला. औषध तिथं होतं. अँब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावून नेलं. इंजेक्शन दिल्यावर तासाभरात बाळाच्या ओठांवर रंग आला. ठाण्याचे डॉक्टर रुपाला म्हणाले, "रोग काय ते आधी कळलं म्हणून वाचली ही. नाहीतर आम्ही हृदयाचंच बघत बसलो असतो."

रुपानं नणंदेचे दोन्ही हात धरले. पण तिथूनच, पाड्यावर परत न येता, ती बाळाला घेऊन माहेरी गेली. तिचं माहेर धसईच्या अलीकडं, तीन नंबरच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. आठ दिवसांनी शामही गेला. "तिकडं भाजीच्या गाडीवर काम हाय," एवढंच तो म्हणाला. लहानीनं पोल्ट्रीला, सुनेला, विहिरीला, कुणालाच नावं ठेवली नाहीत. ती फक्त पाळणा सोडून ठेवायला तयार होईना. रिकामा पाळणा घरात टांगून ठेवू नये, असं शेजारणी सांगून गेल्या, तरी नाही.

मग एक दिवस बुधू अनिलशेठपुढं जाऊन उभा राहिला. रंजिताही होती. आता काम गेलं, असं धरूनच बाप-लेक गेली होती.

"शेठ, खड्डा बुजवायला पायजे," बुधू म्हणाला.

अनिलशेठ खुर्चीत बसून राहिला. बाळाला दवाखान्यात नेताना त्यानंही ते ओठ बघितले होते. "मला माहीत नव्हतं रे, बुधू," तो म्हणाला. "आईशप्पथ सांगतो. सगळे असंच करतात." मग रंजिताकडं वळून, "काय करायचं ते सांग. करतो."

तिनं सांगितलं ते त्यानं केलं. खड्डा उपसला. रस्त्याच्या बाजूला, विहिरीपासून लांब, खाली काँक्रीट आणि वर पत्रा घालून नवा हौद बांधला. घाण शेतकरी खत म्हणून उचलून न्यायला लागले. जुना खड्डा बुधूनं एकट्यानं बुजवला. शेठ म्हणाला होता जेसीबी लावतो, पण त्यानं ऐकलं नाही. पंधरा दिवस तो माती वाहत होता.

त्यानंतर दर शनिवारी रंजिता कॉलेजातून आली की तो विचारायचा, "आता?"

ती नमुना नेत होती, मोजत होती. एकशे सोळा. एकशे एकोणीस. एप्रिलमध्ये एकशे नऊ. तिनं मॅडमना विचारलं, "खड्डा तर गेला, मॅडम. मग उतरत का नाही?"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सहा वर्षं मुरलंय ते जमिनीत. वरून बंद केलं तरी खालचं हळूहळूच येत राहणार."

"किती दिवस?"

"दिवस नाही गं. वर्षं. आठ, दहा. कदाचित जास्त. नक्की कुणी सांगू शकणार नाही."

"आपण काहीच करू शकत नाही?"

"दुसरं पाणी," मॅडम म्हणाल्या. "दुसरं पाणी आणायचं, एवढंच." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी पत्रं लिहिलीत. तालुक्याला, जिल्ह्याला. माझ्या पत्राला वजन किती, तुला माहितीये. पुढच्या वर्षी मी तरी या कॉलेजात असेन का, तेही मला माहीत नाही."

त्या शनिवारी बुधूनं विचारलं, "आता?"

"एकशे नऊ."

"म्हंजे उतरलं ना?"

त्याच्या हाताला अजून फोडांचे वण होते. "उतरलं, बा," रंजिता म्हणाली.

तोंडी परीक्षा एप्रिलच्या शेवटी झाली. बाहेरून परीक्षक आले होते, पांढऱ्या केसांचे, शांत बोलणारे गृहस्थ. रंजितानं पडद्यावर नकाशा दाखवला, बारा ठिपके दाखवले, तक्ते दाखवले. अडखळली नाही. परीक्षकांनी अवघड प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. सात नंबरबद्दल त्यांनी खूप विचारलं. खड्डा बुजवण्याआधीचे आणि नंतरचे आकडे बघून ते मॅडमना म्हणाले, "पदवीच्या पातळीवर असं काम मी क्वचित बघितलंय. ही केस तर फारच इंटरेस्टिंग आहे."

"थँक यू, सर," रंजिता म्हणाली.

"एक शेवटचं. फॉर्ममध्ये रकाना आहे म्हणून विचारतो." त्यांनी पेन उघडलं. "या ऑनर्स प्रोग्राममधून विद्यार्थिनी म्हणून तुला काय मिळालं?"

तिनं विचार केला. वर्षापूर्वी मॅडमनी बोटांवर मोजून सांगितलेलं सगळं तिला मिळालं होतं. ती समोर उभी राहून बोलत होती. तिनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. एक बाळ जगलं होतं, हेही खरं होतं.

"सर, मला कळलं," ती म्हणाली.

"काय कळलं?"

"पाणी खराब आहे ते. आधी माहीत नव्हतं."

परीक्षक थांबले, ती पुढं आणखी काही बोलेल म्हणून. ती बोलली नाही. मग त्यांनी हसून रकान्यात लिहिलं. मॅडमनी नंतर तिला वाचून दाखवलं: संशोधनवृत्ती व सामाजिक भान विकसित झाले. सर्वांत वरची श्रेणी मिळाली. कॉलेजच्या फलकावर फोटो लागला. एम.एस्सी.साठी मुंबईच्या एका संस्थेचा अर्ज मॅडमनी तिच्याकडून तिथंच भरून घेतला. "जा तू," त्या म्हणाल्या. "इथं थांबून तू एकटी काय करणार आहेस?"

मे महिना लागला. पलीकडच्या गावातली नऊ नंबरची विहीर आटली. तिथल्याच लोकांना पाणी पुरेना, तेव्हा बाहेरच्यांनी भरायचं नाही असं ठरलं. ते त्यांनी रंजिताला नीट समजावून सांगितलं. रागानं नाही. मोहाच्या पाड्याची विहीर नेहमीसारखी भरलेली होती, गार आणि गोड. उलट त्या गावचीच माणसं आता बैलगाडीवर पिंप ठेवून इकडं पाण्याला यायला लागली. रंजिता पहिल्या दिवशी त्यांना सांगायला गेली. गाडीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पिंप भरून निघून गेला.

तिसऱ्या प्रहरी ती ओटीवर संस्थेनं मागितलेले कागद लावत बसली होती, तेव्हा शेजारची रेश्मा आली. रेश्मा तिच्याहून वर्षानं लहान, गेल्या वर्षी लग्न होऊन पाड्यावर आलेली. तिचा नवरा पोल्ट्रीवरच होता. बायका विहिरीवर रंजिताला बोलत तेव्हा ही त्यांच्यातच उभी असायची, पण कधी काही म्हणाली नव्हती. आता सातवा महिना होता तिला. कमरेला हात देऊन ती खांबाला टेकली.

"घरात कोन नाय ना?"

"नाय. बस."

"बसत नाय. सासू बघंल." तिनं पदर सावरला. "रुपावैनीच्या पोरीचं झालं ते पान्यानंच ना? खरं सांग."

"पान्यानंच."

"माजं पन पोट असं हाय. मी ते पानी पिऊ का नको?"

वर्षभरात पाड्यातल्या, घराबाहेरच्या कुणी तिला पाण्याबद्दल पहिल्यांदाच प्रश्न विचारला होता. रंजितानं हातातले कागद खाली ठेवले. प्रबंधाच्या शेवटी शिफारशींचं एक प्रकरण होतं. त्यातलं पहिलंच वाक्य तिनं स्वतः लिहिलं होतं, मॅडमनी त्यात एक शब्दही बदलला नव्हता. गरोदर स्त्रिया व सहा महिन्यांखालील बालके यांच्यासाठी पर्यायी जलस्रोत उपलब्ध करून द्यावा.

"नको पिऊ," ती म्हणाली.

"मंग काय पिऊ?"

रेश्मा वाट बघत उभी राहिली. तिच्या कपाळावर घाम होता, ओठ सुकले होते. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी विचारायचं असतं, हे रंजिताला आठवलं. घरात माठ भरलेला होता. ती उठून उभी राहिली. पण आत जाईना की बाहेर.

"सांग ना गो," रेश्मा म्हणाली. "तू शिकलीस ना त्येच?"